हट्टी, भित्रं, चळवळं: कोणत्या मुलाला शी-शू सांगायला कसं शिकवायचं?

नर्सरीच्या अर्जात नाव, जन्मतारीख आणि रक्तगटाच्या खाली बऱ्याचदा आणखी एक चौकट असते: मूल शी-शू सांगतं का? अर्ज भरताना आईबाबा बिनधास्त ‘हो’वर खूण करतात, कारण जून अजून लांब असतो. एप्रिल उजाडला की धांदल उडते. रंगीत भांडं येतं, भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लागतो, ‘तीन दिवसांत डायपर सोडवा’ छापाचे व्हिडिओ रात्री जागून बघितले जातात. शेजारच्या मुलीने खरंच आठवड्याभरात डायपर सोडलेला असतो. तेच भांडं आणि तोच तक्ता आपल्या घरी आणावा, तर पोरगं भांडं डोक्यावर हेल्मेटसारखं घालून हॉलभर फिरतं आणि शू करायला मात्र पडद्यामागे जातं.

यात शेजारणीची हुशारी नाही की तुमचा ढिसाळपणा नाही. शरीराचं काम सगळ्या मुलांत सारखंच चालतं, पण शिकायला तयार होण्याची तऱ्हा स्वभावाप्रमाणे बदलते. त्या व्हिडिओतली पद्धत बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या मुलासाठी असते. आधी शरीराचं बघू, मग स्वभावाचं.

आतमध्ये नेमकं काय घडतं?

कोल्हापूरकडच्या वाचकांना राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे माहीत असतील. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. कोयनेचं तसं नाही. तिथे पातळी बघून माणसं ठरवतात, खालच्या गावांना इशारा देतात आणि मग दरवाजे उचलतात.

तान्ह्या बाळाचं मूत्राशय राधानगरीसारखं असतं. भरलं की आकसतं, दार उघडतं, दुपटं ओलं. आपल्याला मुलाला कोयनेपर्यंत न्यायचं असतं: पातळी कळली पाहिजे, दार थोडा वेळ धरून ठेवता आलं पाहिजे, योग्य जागी पोचल्यावर ते मुद्दाम सोडता आलं पाहिजे. ही तीन वेगवेगळी कौशल्यं आहेत. त्यातलं तिसरं, म्हणजे हुकमी सोडणं, मोठ्यांना सगळ्यात सोपं वाटतं आणि मुलांना तेच सगळ्यात अवघड जातं. दहा मिनिटं भांड्यावर बसलेलं मूल उठून चड्डी घातल्या घातल्या ओली करतं तेव्हा घरच्यांना वाटतं, मुद्दाम केलं. खरं तर भांड्यावर ‘कर, कर’ म्हणत सगळे भोवती बसलेले असताना स्नायू आवळलेला असतो. उठल्यावर लक्ष उडतं, स्नायू सैल पडतो आणि काम होतं.

दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण ९० ते १२० मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक कप. त्यामुळे दीड-दोन तास चड्डी कोरडी राहत असेल तर पात्र आणि दार दोन्ही बऱ्यापैकी तयार आहेत असं समजायला हरकत नाही.

कळण्याचाही क्रम असतो. आधी शू होऊन गेल्यावर कळतं, मग होत असताना कळतं, शेवटी होण्याआधी कळतं. मूल ओल्या चड्डीकडे बोट दाखवून ‘शू’ म्हणतं तेव्हा आपल्या तोंडून पटकन जातं, ‘आता सांगून काय उपयोग?’ उपयोग पुष्कळ आहे. ती पहिली पायरी आहे. तिथेच दम दिला तर पुढच्या वेळी ते सांगणंच बंद करतं.

मग सुरुवात कधी करायची?

बहुतेक मुलांत तयारीच्या खुणा दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात, काहींत त्याहून उशिरा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाच्या कलाने घेतलं तेव्हा दिवसाचा डायपर सुटण्याचं सरासरी वय २८.५ महिने आलं. सरासरी म्हणजे अर्थातच बरीच मुलं त्याच्या पुढे आणि बरीच मागे. मुली साधारणपणे थोड्या आधी शिकतात.

वयापेक्षा खुणा बघाव्यात. शी करताना कोपरा किंवा सोफ्यामागची जागा शोधणं ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण, कारण त्याचा अर्थ मुलाला ती येण्याआधी कळते आहे. चड्डी स्वतः खाली ओढता येणं, ‘चप्पल उचल आणि दाराशी ठेव’ अशी दोन कामांची सूचना पाळता येणं, ओलं झालं की अस्वस्थ होणं, याही खुणा. सगळ्या एकाच दिवशी दिसतील अशी वाट बघू नका.

आणि काही काळ सुरुवात करू नये असाही असतो: नवं बाळ घरात येण्याच्या आगेमागे, घर बदलताना, आई नोकरीवर रुजू होते त्या आठवड्यात, किंवा मुलाला शी कडक होत असताना. शेवटच्या मुद्द्याकडे पुढे सविस्तर येऊ. हवामानही बघा. मार्च ते मे सोयीचे, कारण दिवसाला सहा-आठ चड्ड्या धुतल्या तरी वाळतात. जुलैत पंख्याखाली चड्ड्या वाळत घालून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

सामान आणि दिनक्रम

भांडं असं हवं की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतील. उकिडवं बसल्यासारखी ही स्थिती झाली की गुदद्वाराजवळचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर मुलांची सीट लावणार असाल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले की मूल पडू नये म्हणून सगळं अंग आवळतं. अंग आवळून शी होत नाही, हे मोठ्यांनाही करून बघता येईल.

भारतीय पद्धतीच्या संडासात तीन वर्षांच्या मुलाचे पाय दोन्ही पावठ्यांवर पोचत नाहीत, ओली फरशी घसरते आणि मध्ये मोठं भोक दिसतं. ही भीती खोटी नाही. तोवर भांडंच संडासाच्या दाराशी ठेवा, त्यातलं आत ओतताना मुलाला सोबत न्या आणि मगाने पाणी त्यालाच घालू द्या. पुढे प्रत्यक्ष बसवताना समोर उभं राहून दोन्ही हात धरा.

कपडे म्हणजे सैल इलॅस्टिकची चड्डी, आठ-दहा नग. नाडी, डंगरी, बटणाचे झबले काही महिने कपाटात. कळ आल्यापासून सुटेपर्यंत या वयात हातात मिनिटभरही नसतं आणि ते बटणात जातं.

बसायच्या वेळा: उठल्या उठल्या, जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी, आंघोळीआधी, बाहेर निघताना, झोपताना. जेवणानंतरचीच वेळ का, तर पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. ही निसर्गाने दिलेली फुकट मदत आहे, ती वाया घालवू नका. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. हातात मोबाइल देऊ नका. मूल तासभर बसेल हे खरं, पण पोटातून येणारा निरोप ऐकण्यासाठी जे लक्ष हवं तेच मोबाइल पळवतो. मुलग्यांना सुरुवातीला बसूनच शू करायला शिकवा, कारण या वयात शू आणि शी बहुधा बरोबरच होतात. मुलींना पुढून मागे धुवायचं आणि पुसायचं, हे पहिल्या दिवसापासून.

इथपर्यंतचं सगळ्यांना सारखं. आता फाटे फुटतात.

स्वभाव म्हणजे नक्की काय?

न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने मुलांचा जन्मापासून माग ठेवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की मुलं काही गुण घेऊनच येतात: शरीर घड्याळासारखं चालतं की नाही, नवं काही दिसलं की पुढे सरकतात की मागे, चुळबुळ किती, आवाज-वास-स्पर्श किती टोचतात, एकदा धरलेलं किती धरून ठेवतात. असे नऊ गुण त्यांनी मांडले. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी होती, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू खुलणारी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसली नाहीत. म्हणजे तुमचं मूल सरमिसळ असण्याची शक्यता बरीच आहे.

त्यांचा कामाचा विचार मात्र या टक्क्यांच्या पलीकडचा होता: स्वभाव चांगला किंवा वाईट नसतो, तो आणि घरच्यांची पद्धत यांचा मेळ बसतो किंवा बसत नाही. तोच मेळ इथे बघायचा आहे.

‘नाही’ म्हणणारं मूल

दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या ताब्यात जगातल्या तीनच गोष्टी असतात: तोंडात काय घ्यायचं, कधी झोपायचं आणि खालून काय सोडायचं. ठाम स्वभावाच्या मुलाला हे फार लवकर कळतं. या मुलाशी शी-शूवरून भांडण मांडलंत तर तुम्ही हरणार, कारण त्याचे स्नायू तुमच्या हुकमात नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर वीस मिनिटांनी ‘शू लागली का?’ विचारणं. याचं उत्तर ‘नाही’च येणार, आणि एकदा ‘नाही’ म्हटल्यावर शब्द राखायला ते चड्डी ओली करेल. प्रश्न विचारूच नका. एक तर दिनक्रमाच्या तोंडून बोला, ‘जेवण झालं की भांडं, मग गोष्ट’, किंवा दोन्हीकडून आपलंच काम होईल अशी निवड द्या: ‘निळ्या भांड्यावर बसतोस की मोठ्यांच्या सीटवर?’, ‘पाणी तू ओततोस की मी ओतू?’ बसायचं की नाही हा पर्याय त्यात नसतो, आणि त्याला तो नसल्याचं जाणवतही नाही.

कामं त्याच्या हाती सोपवा. कोरड्या चड्ड्यांचा डबा त्याच्या उंचीवर ठेवा. ओली चड्डी बादलीत टाकणं त्याचं काम, शिक्षा म्हणून नाही, जसं आपण ताट उचलतो तसं. अशा मुलाला ‘माझं मी’ या दोन शब्दांत सगळी साखर मिळते.

बक्षिसाचा तक्ता इथे जरा जपून. ठाम मुलं वाटाघाटीत तरबेज असतात. पहिल्या दिवशी एका चांदणीवर खूश, पाचव्या दिवशी ‘दोन दे, नाहीतर चड्डीत करेन’. तक्ता वापरायचाच तर बसण्यासाठी द्या, शी होण्यासाठी नको, आणि पंधरा दिवसांत गुंडाळा.

सरळ युद्धच पेटलं असेल, म्हणजे भांडं दिसताच मूल पाठ ताठ करून किंचाळत असेल, तर विषय दोन ते चार आठवडे पूर्ण बंद. अर्धवट नाही, पूर्ण. डायपर परत, भांडं नजरेआड, टोमणे बंद. आजोबांनी ‘एवढा मोठा घोडा झाला’ म्हणणंही बंद. यालाच घरात माघार म्हणतात आणि म्हणून कुणी करत नाही. पण ज्या दोरीचं दुसरं टोक कुणी धरलेलंच नाही ती ओढण्यात मजा उरत नाही, आणि बरीच मुलं यानंतर आपणहून भांडं मागतात.

सावध, बुजरं मूल

हे मूल पाहुणे आले की आईच्या पदरामागून बघतं, नव्या चपला आठवडाभर घालत नाही. त्याला घाई चालत नाही. पायऱ्या चालतात, आणि त्या जितक्या बारीक तितक्या बऱ्या.

भांडं आणा आणि आठवडाभर नुसतं हॉलच्या कोपऱ्यात पडू द्या. मग चड्डीसकट त्यावर बसून एखादं पुस्तक बघायचं. मग डायपर काढून दोन मिनिटं. डायपरमधली शी त्याच्या देखत भांड्यात टाकायची, म्हणजे ती कुठे राहते हे कळतं. फ्लश सुरुवातीला मूल बाथरूमबाहेर गेल्यावरच ओढा. तो आवाज आणि आपल्यातून निघालेली वस्तू गडप होणं या दोन्ही गोष्टी काही मुलांना खरोखर भयंकर वाटतात.

याच गटात एक प्रकार फार दिसतो: शू व्यवस्थित भांड्यात, पण शी आली की मूल कपाटातून डायपर काढून आणतं, ‘घाल’ म्हणतं आणि पडद्यामागे जाऊन उभ्याने करतं. घरचे हतबल होतात, डायपर लपवतात, मूल तीन दिवस शी धरून ठेवतं आणि गाडं बद्धकोष्ठावर जातं. डायपर लपवू नका, द्या. फक्त जागा बदला. पहिले काही दिवस डायपर घालून पडद्याऐवजी बाथरूममध्ये उभं राहून. ते अंगवळणी पडलं की डायपर घालूनच भांड्यावर बसून. त्यानंतर कात्रीने डायपरच्या तळाला रुपयाएवढं भोक पाडायचं आणि तसाच घालायचा. दर दोन-तीन दिवसांनी भोक थोडं मोठं. शेवटी कमरेला नुसता पट्टा उरतो आणि शी भांड्यात पडत असते. ऐकायला गमतीचं वाटतं, पण पट्टा कमरेला असला की मुलाच्या लेखी डायपर घातलेलाच असतो. याला दोन-तीन आठवडे लागतात. मध्ये एखाद्या पायरीवर अडलं तर एक पायरी मागे या.

चळवळं मूल

याला भीती नाही, हट्टही नाही. याला वेळ नाही. खेळात निरोप ऐकूच येत नाही आणि आला तर शेवटच्या क्षणी. एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणं, पुढून चड्डी धरणं, एकदम गप्प होणं ही त्याची भाषा. अशा वेळी ‘लागली का?’ न विचारता हात धरून निघावं.

बसण्याची मुदत याला दोनच मिनिटं, पण वेळा जास्त. खेळ मध्येच तोडण्यापेक्षा दोन खेळांच्या सांध्यावर न्या: ठोकळे झाले, आता शू, मग खाली बागेत. बाथरूमपर्यंत शर्यत लावली तर निम्मं काम होतं. भांड्याशेजारी एक साबणाच्या बुडबुड्यांची बाटली ठेवा. बुडबुडे फुंकताना पोटावर आपोआप हलका जोर पडतो आणि खालचा स्नायू सैल होतो, त्यामुळे ही युक्ती बाकीच्या मुलांनाही चालते.

ज्याला सगळं टोचतं

थंड प्लॅस्टिक, चड्डीचं लेबल, संडासातला फिनेलचा वास, आणि खासकरून जेट स्प्रेचं गार पाणी. पहिल्या दिवशी जोरात मारलेल्या स्प्रेने महिनाभराची मेहनत वाया गेलेली घरं आहेत. या मुलाला कोमट पाण्याचा मग, सीटवर कापडी पट्टी, वासाच्या साफसफाईला वेगळी वेळ. उलट फायदा असा की ओली चड्डी यालाच सगळ्यात आधी नकोशी होते. दिवसा डायपर काढून सुती चड्डी घातली की कळण्याची पायरी झटपट येते.

ज्याच्या पोटाला घड्याळ नाही, आणि ज्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही

काही मुलांची शी आज सकाळी आठला, उद्या संध्याकाळी सहाला, परवा नाहीच. त्यांना ठरावीक वेळेला बसवून काही निघत नाही. तीन दिवस कागदावर नोंद ठेवा: काय खाल्लं, कधी झाली, आधी काय केलं. वेळेचा नमुना सापडला नाही तरी खुणेचा सापडतो.

सोशिक, सगळ्यांना खूश ठेवणारी मुलं पटकन शिकतात आणि सगळे विसरून जातात. यांची अडचण नंतर येते: शाळेत बाईंना विचारायला लाजतात आणि चार तास धरून ठेवतात. घरी आल्या आल्या धावत बाथरूम गाठणारं, डब्यासोबतचं पाणी न पिता परत आणणारं मूल असेल तर विचारपूस करा.

हट्टी म्हणण्याआधी शी बघा

आतापर्यंतचं सगळं स्वभावाचं होतं. पण एक गोष्ट कुठल्याही स्वभावावर मात करते, ती म्हणजे कडक शी. एकदा दुखलं की मूल पुढची कळ आली की धरून ठेवतं. धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक आणि जाड होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. या फेऱ्यात अडकलेलं मूल चवड्यांवर उभं राहतं, पाय एकमेकांत अडकवतं, टेबलाला धरून लालबुंद होतं. घरच्यांना वाटतं जोर लावतंय. ते अगदी उलट, आत धरून ठेवत असतं. गुदाशय असं भरून राहिलं की ते शेजारच्या मूत्राशयावर दाबतं आणि शूचे घोटाळेही वाढतात. कधीकधी तुंबलेल्या शीच्या कडेने पातळ शी चड्डीला लागत राहते आणि घरचे तिला जुलाब समजून वर केळं-दहीभात सुरू करतात, म्हणजे नेमकं नको ते.

म्हणून आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शी, लेंड्यांसारखी किंवा कमोड तुंबवेल इतकी मोठी शी, करताना रडणं, यातलं काही असेल तर भांड्याचं प्रशिक्षण थांबवा आणि आधी पोट सुधारा. दुधाचं प्रमाण बघा. दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत ठीक. लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात भाजी-भाकरीला जागाच राहत नाही. बिस्किटं आणि मैदा कमी, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका, लाल भोपळा, पालेभाजी घातलेली आमटी जास्त, आणि पाणी दिवसभर थोडं थोडं. साबणाची कांडी किंवा एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ वापरू नका. शी निघते, पण ज्या जागेची मुलाला भीती बसली आहे तिथेच आपण पुन्हा दुखवतो. बालरोगतज्ज्ञ शी मऊ करणारं औषध देतात ते बहुधा काही आठवडे नाही, काही महिने घ्यावं लागतं. ‘सवय लागेल’ म्हणून आठवड्यात बंद करण्याने फेरा पुन्हा सुरू होतो. भीती विसरायला मुलाला बऱ्याच न दुखणाऱ्या शीच्या वेळा लागतात.

‘आमच्या वेळी वर्षाची मुलं सांगायची’

आजी खोटं बोलत नाही. दोन पायांवर बाळाला धरून ‘शूऽऽ’ म्हणत बसवलं की सहा महिन्यांचं बाळही शू करतं. व्हिएतनाममध्ये हेच शिटी वाजवून करतात. आवाज आणि मोकळं होणं यांची सांगड बाळाच्या अंगात बसते, हे खरं प्रशिक्षण आहे आणि घरात दिवसभर माणूस असेल तर जरूर करावं. पण त्यात वेळ ओळखणारी आजी असते. मूल स्वतः ओळखतं, थांबतं, चड्डी खाली ओढतं, हे वेगळं कौशल्य आणि ते नंतरच येतं. शिवाय तेव्हा लंगोट होते, मोरी दोन पावलांवर होती आणि शेणाच्या जमिनीवर शू पुसायला कुणाची ना नव्हती.

डायपरमुळे उशीर होतो का? आजचे डायपर इतकं शोषतात की ओलं कळतच नाही, त्यामुळे पहिली पायरी लांबते हे पटण्यासारखं आहे. म्हणून दोन वर्षांनंतर घरात असताना रोज काही तास सुती चड्डी घालणं चांगलं. प्रवासात आणि रात्री डायपर चालू ठेवला म्हणून मूल गोंधळत नाही, फक्त नियम रोज तोच हवा.

‘दोन फटके दिले की सरळ येतात’

काही मुलं येतातही, फटक्याच्या भीतीने. पण सावध मूल शी लपवून करायला शिकतं आणि ठाम मूल धरून ठेवायला. दोन्हीचा शेवट वरच्या कडक शीच्या फेऱ्यात. घोटाळा झाला की एवढंच: ‘शू चड्डीत झाली. शू भांड्यात. चल, बदलू.’ आवाजात ना साखर ना तिखट.

रात्रीचं काय?

रात्र वेगळी. झोपेत मूत्र कमी तयार करणारं एक संप्रेरक असतं, ते पुरेसं स्रवू लागणं आणि भरलेल्या मूत्राशयाने जाग येणं या दोन्ही गोष्टी शिकवून येत नाहीत. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांची गादी ओली होते आणि दरवर्षी त्यातली बरीच आपोआप कोरडी होत जातात. तोवर गादीखाली रबरी कापड, झोपण्याआधी शू. अर्ध्या झोपेत उचलून नेल्याने गादी वाचते, मूल शिकत नाही.

डॉक्टरांकडे मात्र थांबू नये अशा वेळा: शू करताना जळजळ किंवा ताप, सतत थेंब थेंब गळणं, मुलग्याची धार बारीक असणं, शीत रक्त, चार वर्षं उलटूनही दिवसा जमत नसणं. आणि सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, सोबत तहान फार वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी दाखवा. तो मधुमेह असू शकतो.

आणि जून आलाच तर?

शाळेला खरं सांगा. ‘सांगतो, पण खेळात विसरतो’ किंवा ‘शू सांगते, शी घरीच करते’ एवढं एक वाक्य बाईंना ‘हो’ या खुणेपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दप्तरात दोन चड्ड्या, एक पँट आणि ओल्या कपड्यांची पिशवी. शाळा सुरू होण्याआधी एकदा मुलाला तिथलं बाथरूम दाखवून आणा, जमलं तर तिथे शू करवून आणा. बुजऱ्या मुलासाठी हे दप्तरापेक्षा महत्त्वाचं. शाळेत जो शब्द चालतो तो घरी आठवडाभर आधी सुरू करा. घरात ‘शू’ म्हणणारं मूल बाईंनी ‘वॉशरूमला जायचंय का?’ विचारल्यावर मान हलवून नाही म्हणतं आणि दोन मिनिटांनी बाक ओला होतो. त्याला प्रश्नच कळलेला नसतो.